पहिला प्रश्न शेवटी विचारावा

‘आपल्याला काय करायचेय त्याचे?’ असे म्हणून ज्या विषयांकडे आपण कला शाखेची मंडळी पाठ फिरवतो, त्यांत शेअरबाजाराचा क्रमांक बराच वर लागेल. तो विषय वाणिज्य शाखेच्या इमारतीत राहतो, आणि फार तर अर्थशास्त्राच्या एखाद्या तासाला पाहुणा म्हणून आपल्याकडे येतो, अशी आपली समजूत. पण गेल्या काही वर्षांत हा पाहुणा न सांगता-सवरता आपल्या वर्गात, वसतिगृहात आणि अभ्यासिकेत मुक्कामाला आला आहे. तो दारातून आला नाही, खिशातल्या मोबाइलमधून आला. मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसून हिरव्या-तांबड्या रेघांचा आलेख टक लावून पाहणारे मित्र मी पाहिले आहेत. तेवढ्या एकाग्रतेने त्यांनी मर्ढेकर वाचले असते, तर आमच्या सरांना धन्यता वाटली असती!

यंदा आमच्या अर्थशास्त्र मंडळाने ग्रंथालयाच्या दाराशी एक पेटी ठेवली होती. ‘शेअरबाजाराविषयी काहीही विचारा’ अशी पाटी तिच्यावर लावली आणि भित्तीपत्रकात उत्तरे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. महिन्याभरात पेटी भरली. नावे लिहायची नव्हती, त्यामुळे चिठ्ठ्या मोकळेपणाने लिहिलेल्या होत्या. काही विद्यार्थ्यांच्या, काही प्राध्यापकांच्याही असाव्यात, कारण एकदोन चिठ्ठ्यांत विरामचिन्हे फारच काटेकोर होती. पण अक्षर कोणाचेही असो, सर्वांत जास्त चिठ्ठ्यांत प्रश्न एकच होता: ‘कोणता शेअर घेऊ?’

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर देणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की हा प्रश्न शेवटचा आहे आणि आपण तो पहिला विचारतो. लग्नाची तारीख ठरवून मग मुलगी पाहायला निघावे, तसला हा प्रकार. त्याआधी विचारायचे जे चार प्रश्न आहेत, ते विचारले तर हा पाचवा प्रश्न पुष्कळ सोपा होतो, आणि पुष्कळांच्या बाबतीत तर तो उरतच नाही. ते आधीचे प्रश्नही त्याच पेटीत होते, फक्त ते कमी लोकांनी विचारले होते.

पहिला प्रश्न असा, की शेअर म्हणजे नेमके काय? आमच्या भागात हा शब्द नवा नाही. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग गावोगाव ‘कारखान्याचा शेअर’ शेतकऱ्याच्या तोंडी बसला. आजही उसाचा मळा असलेल्या घरात सातबाऱ्याच्या जोडीला कारखान्याच्या शेअरचा कागद जपून ठेवलेला असतो. त्यामुळे ‘शेअर म्हणजे हिस्सा’ हे कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र दोन शेअरांतला फरक समजून घेतला पाहिजे. सहकारी संस्थेत माणशी एक मत असते. तुमचा एक शेअर असो की शंभर, मत एकच. कंपनीत शेअरामागे मत असते. ज्याचे शेअर अधिक त्याचा शब्द चालतो. कारखान्याच्या शेअराचा भाव रोज सकाळी बदलत नाही, आणि तो मनात येईल तेव्हा कोणालाही विकताही येत नाही. तो घ्यायचा कशासाठी, तर आपला ऊस गाळपाला जावा म्हणून. कंपनीचा शेअर मात्र बाजार उघडा असेतोवर क्षणाक्षणाला हात बदलू शकतो. ही सोय आहे आणि सापळाही इथेच आहे. आपल्या वडिलोपार्जित शेताचा भाव कोणी रोज दर मिनिटाला बांधावर उभे राहून ओरडू लागला, तर आपण शेती करू की त्या ओरडण्याकडेच कान लावून बसू?

याच संदर्भात एका चिठ्ठीत विचारले होते, ‘आपण शेअर घेतला की ते पैसे कंपनीला मिळतात का?’ उत्तर सहसा ‘नाही’ असे आहे. कंपनी पहिल्यांदा नवे शेअर विकायला काढते तेव्हा त्यांचे पैसे तिला मिळतात. पण त्या विक्रीतही जुने मालक आपले शेअर विकत असतील, तर तेवढे पैसे त्या मालकांच्या खिशात जातात, आणि कोणाचे किती हे माहितीपत्रकात छापलेले असते. त्यानंतर बाजारात जो व्यवहार होतो तो तुमच्यासारख्याच दुसऱ्या कोणाशी. म्हणजे तुम्ही ‘हा भाव वाढणार’ म्हणून घेता, त्याच क्षणी समोरचा कोणीतरी ‘आता पुरे’ म्हणून विकत असतो. दोघेही स्वतःला शहाणे समजत असतात. समोरचा कोण आहे हे आपल्याला दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे आपण धरून चालतो.

त्याला लागूनच एक गैरसमज आहे. ‘दहा रुपयांचा शेअर स्वस्त आणि पाचशे रुपयांचा महाग ना?’ असे पुष्कळांनी विचारले आहे. साधा हिशोब करू. एका कंपनीचे एक कोटी शेअर आहेत आणि प्रत्येकाचा भाव ५०० रुपये; म्हणजे बाजाराने त्या सबंध कंपनीची किंमत ५०० कोटी केली. दुसरीचे शंभर कोटी शेअर आहेत आणि भाव १० रुपये. तिची किंमत झाली १,००० कोटी. आता दोघींचा वार्षिक नफा ५० कोटी असेल, तर महाग कोण? दहा रुपयांवाली! भाकरीचे चार तुकडे करा की आठ, भाकरी तेवढीच राहते. तुकडा लहान आहे म्हणून ती स्वस्त होत नाही. भाव किती हे पाहायचे नसून त्या भावात काय मिळते हे पाहायचे असते. भाजी मंडईत आपली आई हे रोज करते. तेच शहाणपण मोबाइल हातात आला की कोठे जाते कोण जाणे.

दुसरा प्रश्न सगळ्यांत जुना: ‘हा जुगार नव्हे का?’ याचे उत्तर हो किंवा नाही असे एका शब्दात देणाऱ्या दोन्ही पक्षांवर माझा विश्वास नाही. जुगारात टेबलावर जेवढे पैसे मांडले तेवढेच राहतात. एकाचे जातात तेव्हाच दुसऱ्याचे येतात. कंपनी मात्र काहीतरी बनवते, विकते, नफा मिळवते, त्यातला काही भाग लाभांश म्हणून वाटते आणि उरलेला धंद्यात घालते. म्हणून चांगल्या कंपनीचे सगळे भागधारक दहा वर्षांत एकाच वेळी श्रीमंत होऊ शकतात. पत्त्यांच्या टेबलावर हे कधीच घडत नाही. इथपर्यंत शेअर हा जुगार नव्हे.

पण त्याच बाजाराच्या आवारात दुसरे एक दुकान आहे, वायद्यांचे आणि ‘ऑप्शन’चे. तिथे कंपनीचा हिस्सा विकत घ्यायचा नसतो. अमुक दिवसापर्यंत भाव वर जाईल की खाली, यावर करार करायचा असतो. त्यात एकाचा फायदा तोच दुसऱ्याचा तोटा, आणि दलाली व कर दोघांच्याही खिशातून. शेतमालाचा व्यापारी किंवा मोठी संस्था आपली जोखीम आवरण्यासाठी असे करार करते, तेव्हा त्यांना अर्थ असतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलाला आवरायला कोणती जोखीम असते? त्याच्यापुरता तो निव्वळ सट्टा.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, आकडे सांगतात. सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाने, सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या दुकानात व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. खर्च धरून माणशी सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक. पुढच्या, म्हणजे २०२४-२५ या वर्षीही ९१ टक्के लोक तोट्यातच राहिले. त्यातली तरुणांची नोंद आपण जास्त लक्षपूर्वक वाचावी. तिशीच्या आतल्यांचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते. एका वर्षात ते ४३ टक्क्यांवर गेले. तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. मग मिळवले कोणी? २०२३-२४ मध्ये स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाली पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि विदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी, खर्च वजा जाता नव्हे पण ढोबळ नफा म्हणून, मिळवले. आणि त्यातला जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावलींनी. म्हणजे समोर कोण बसला आहे, याचे उत्तर आता मिळाले. वसतिगृहातल्या खाटेवर लोळत, अर्धवट चार्ज झालेल्या मोबाइलवरून आपण त्या यंत्राशी कुस्ती धरतो आहोत.

ही गोष्ट पुस्तकी राहू नये म्हणून एवढेच सांगतो, की आमच्या वसतिगृहातल्या एका मित्राने परीक्षेच्या शुल्कासाठी घरून आलेले पैसे या दुकानात घातले आणि ते एका दुपारी गेले. त्याचे वडील मोसंबीच्या बागेत मजुरी करतात. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी दोन सरांनी न बोलता पैसे दिले, म्हणून त्याचे वर्ष वाचले. त्याने मला नंतर सांगितले, की पैसे गेल्याचे दुःख होतेच. पण पहिल्या आठवड्यात सातशे रुपये मिळाले होते, तेच त्याला बाधले. सेबीच्या त्याच अभ्यासात आहे, की सलग दोन वर्षे तोटा सोसलेल्यांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक पुन्हा व्यवहार करीतच राहिले. हरलेला माणूस टेबलावरून उठत नाही, ही महाभारताइतकी जुनी गोष्ट आहे. द्यूतसभेत धर्मराजाला कोणी थांबवले नाही, हे आपण बी.ए.ला वाचतो. आपल्या शेजारच्या खोलीत मात्र आपण थांबवत नाही.

तिसरा प्रश्न आमच्या ग्रंथालयातल्या शिपाईमामांचा. त्यांनी चिठ्ठी टाकली नाही, पेटी उघडताना तोंडीच विचारले, “बाजार पडला म्हंजी एवढं लाख कोट बुडालं म्हणत्यात. मग त्ये गेलं कुठं? कुणी न्हेलं?” मला वाटते, सगळ्या पेटीत इतका चांगला प्रश्न दुसरा नव्हता. समजा, गावाबाहेर दहा प्लॉट आहेत. त्यांतला एक कोणी बारा लाखांना विकत घेतला. लगेच दहाही मालक म्हणू लागतात, की आपला प्लॉट बारा लाखांचा. म्हणजे सगळे मिळून एक कोटी वीस लाख. पुढच्या वर्षी गरजेपोटी एकाने आठ लाखांना विकला. आता सगळे मिळून ऐंशी लाख. चाळीस लाख ‘बुडाले’. पण कोणी नेले? कोणीच नाही. ते होतेच कुठे? एका सौद्याचा भाव दहाही प्लॉटांना लावून केलेली ती बेरीज होती. ज्याने बारा लाखांना विकला त्याला मात्र खरेच बारा लाख मिळाले, आणि ते ज्याने घेतला त्याच्या खिशातून गेले. तेव्हा बाजार पडतो तेव्हा काही जणांचे खरे नुकसान झालेले असते, आणि पुष्कळांचे केवळ कागदावरचे आनंदाचे दिवस संपलेले असतात. आपण कोणत्या गटात आहोत, हे आपल्याला ते पैसे केव्हा हवे आहेत यावर ठरते. मामांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हंजी इकायची गरज पडू ने, ह्येच खरं!” अख्ख्या भित्तीपत्रकाचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

म्हणून चौथा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: ‘हे पैसे मला पुन्हा केव्हा लागणार आहेत?’ सबंध पेटीत हा प्रश्न फक्त दोघांनी विचारला होता. त्याचे उत्तर ‘पुढच्या जूनमध्ये’ असे असेल, तर बाजाराचे नावही काढू नये. मुदत ठेव, पोस्ट, काय असेल ते. बँकेतल्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते; २०२० साली त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. शेअराचा भाव पडण्याविरुद्ध असा कोणताही विमा नाही, आणि असूही शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘पण दीर्घकाळ थांबले तर बाजार वाढतोच ना?’ मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक, ज्याला आपण सेन्सेक्स म्हणतो, १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १९७८-७९ हे वर्ष पायाभूत धरून त्या वर्षी तो १०० मानला गेला. जुलै २०२४ मध्ये त्याने ८०,०००चा आकडा ओलांडला. पंचेचाळीस वर्षांत आठशे पट, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे सोळा टक्के. हा आकडा खरा आहे. पण तो ज्या वाटेने आला ती वाट कोणी सांगत नाही. एप्रिल १९९२ मध्ये निर्देशांक ४,४६७ वर होता. हर्षद मेहता प्रकरण उघडकीस आले आणि वर्षभरात तो निम्म्याखाली आला. जानेवारी २००८ मध्ये तो २१,००० वर गेला आणि मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली बंद झाला. २३ मार्च २०२० या एका दिवसात तो तेरा टक्क्यांनी कोसळला. शिवाय निर्देशांकात तीसच कंपन्या असतात आणि ती यादी बदलत राहते. मागे पडलेल्यांना वगळून नव्या घेतल्या जातात. वर्गातून नापास मुले काढून टाकली तर वर्गाचा निकाल चांगलाच लागणार! निर्देशांक वाढला म्हणून तुमच्या हातातली एखादी कंपनी वाढलीच, असे होत नाही.

आणि संबंध देशाचा बाजारही दगा देऊ शकतो. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ अखेर ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. ज्याने पंचविसाव्या वर्षी सगळे पैसे त्या एका दिवशी घातले, त्याची साठी जवळ आली. तेव्हा ‘दीर्घकाळ’ हा मंत्र नव्हे. तो मदत करतो; हमी देत नाही. उताराचे गणितही लक्षात ठेवावे: शंभराचे पन्नास व्हायला पन्नास टक्के घट पुरते, पण पन्नासाचे पुन्हा शंभर व्हायला शंभर टक्के वाढ लागते.

मग ‘केव्हा घ्यावे?’ याचे प्रामाणिक उत्तर, कोणालाच कळत नाही. म्हणूनच एकदम न घालता दरमहा ठरावीक रक्कम घालण्याची पद्धत निघाली. हजार रुपये महिना धरा. भाव पहिल्या महिन्यात १००, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात पुन्हा १००. तुम्हाला १०, २० आणि १० असे ४० हिस्से मिळाले; खर्च ३,००० रुपये. म्हणजे सरासरी ७५ रुपये पडले, भावाची सरासरी मात्र ८३ होती. यात जादू नाही. स्वस्त असताना आपोआप जास्त घेतले गेले, एवढेच. पण हे गणित भाव परत वर आला तरच जमते. बुडत्या कंपनीत दरमहा पैसे घालणे म्हणजे फुटक्या रांजणात रोज घागर ओतणे. म्हणून ज्याला कंपन्यांचा अभ्यास करायला वेळ नाही, त्याने एका कंपनीवर न विसंबता निर्देशांकातल्या सगळ्यांत थोडे थोडे घालणारा, कमी खर्चाचा म्युच्युअल फंड घ्यावा, हे मत मला पटते. त्यात सांगण्यासारखी फुशारकी नसते, हाच त्याचा तोटा.

या चार प्रश्नांनंतर आपण पुन्हा त्या लाडक्या प्रश्नाकडे येतो: ‘कोणता घेऊ?’ आणि इथे मला माझ्या शाखेची बाजू मांडायची आहे. आपले काही प्राध्यापकही म्हणतात, की हा विषय कला शाखेचा नव्हे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून मी म्हणतो, की हा विषय आपलाच आहे. इतिहासाच्या सरांनी पहिल्या वर्षी आम्हांला काय शिकवले? कोणतेही साधन हाती आले, की आधी विचारावे: हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले आणि लिहिण्यात त्याचा स्वार्थ काय? बखरकार धन्याची स्तुती का करतो, हे आपण सहज ओळखतो. मग मोबाइलवर ‘हा शेअर महिन्यात दुप्पट’ असे सांगणाऱ्या बखरकाराला तेच चार प्रश्न का विचारत नाही? त्याने तो आधीच स्वतः घेऊन ठेवला असेल. गवगवा करून भाव चढवायचा, आणि आपण घ्यायला धावलो की आपल्याच गळ्यात मारून बाहेर पडायचे, ही युक्ती जुनीच आहे. पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला सेबीकडे नोंदणी करावी लागते आणि ती यादी कोणालाही पाहता येते. ते पाहायला दोन मिनिटे लागतात. ग्रंथालयात संदर्भ शोधण्याची ज्याला सवय आहे, त्याला ती जड जाऊ नयेत.

इतिहासच हवा असेल तर तोही आपल्या दारात उभा आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आपण सहलीत पाहिला असेल. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशाच्या पुरात मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या आणि इतर कंपन्यांचे पेव फुटले. व्यापारी, कारकून, सगळे शेअर घेऊ लागले. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले; मनोऱ्याला आईचे नाव द्यावे एवढीच इच्छा. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ रोजी सौदे पुरे करण्याचा दिवस उगवला तेव्हा जवळजवळ कोणीच पैसे देऊ शकला नाही. खुद्द प्रेमचंदही बुडाला. मनोरा १८७८ साली पुरा झाला. सट्ट्यातून आलेला आणि वेळेवर पुस्तकांकडे वळलेला पैसा तेवढा उरला. त्या काळी मुंबईत शहाणी माणसे कमी नव्हती. ‘कोणता घेऊ?’ हा प्रश्न सगळे विचारीत होते. ‘युद्ध थांबले तर?’ हे थोड्यांनी विचारले.

मला आपल्या मित्रांची हेटाळणी करायची नाही. पदवी घेऊन, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत चार-चार वर्षे काढून, जागांची जाहिरात निघण्याची वाट पाहणाऱ्या मुलाला एक हजाराचे दहा हजार झाल्याचे चित्र दाखवले, तर त्याचा जीव तिकडे ओढणारच. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. पण नोकरी नसण्याचे औषध म्हणून त्याला जे विकले जात आहे, ते औषध नव्हे. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काहीच नाही, त्याने बाजारात उतरावे असे जे म्हणतात, ते उलटे बोलतात. ज्याच्याजवळ थोडेच आहे, त्याचे ते थोडेच सर्वस्व असते. त्याने आधी नोकरीची वाट, हातातले कौशल्य, सहा महिन्यांची शिल्लक आणि घरच्या आजारपणाची तरतूद पाहावी. त्यानंतर जे उरेल, आणि जे दहा वर्षे लागणार नाही, तेवढ्यापुरताच बाजार आपला. शंभर रुपयांपासूनही सुरुवात करता येते. शिकण्यासाठी ती पुरेशी आहे.

तेव्हा आमच्या मंडळाला माझी एक सूचना आहे. दर फेब्रुवारीत आपण अंदाजपत्रकावर व्याख्यान ठेवतो. वक्ते आकडे वाचून दाखवतात आणि आपण जांभया देतो. पुढच्या वर्षी त्याऐवजी एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल वर्गात आणून, जशी एखादी कादंबरी वाचतो तसा ओळीओळीने वाचावा. तो कोणालाही फुकट मिळतो. अध्यक्षांच्या निवेदनात कोणती गोष्ट मोठ्या अक्षरांत आहे, कोणती तळटीपेत ढकलली आहे. कर्ज वाढले का, नफा खरोखर हाती आला की नुसता येणे आहे. गेल्या वर्षी दिलेल्या वचनाचे काय झाले, हे शोधावे. मजकुरात काय आहे त्यापेक्षा काय गाळले आहे हे ओळखणे, हे आपल्या मराठीच्या सरांनीच आपल्याला शिकवले आहे. तो तास संपल्यावर वर्गातला एकही जण शेअर घ्यायला गेला नाही, तरी मी तो तास यशस्वी मानीन. आणि कोणी गेलाच, तर तो दुकानदाराला आधी किंमत विचारणार नाही. आधी माल उलटसुलट करून पाहील.